टेबलाच्या दहा हजार फेऱ्या आणि त्यांचा खरा हिशेब

बटण दाबलं की वर येणारं आणि पुन्हा बटण दाबलं की खाली बसणारं टेबल आता पुष्कळांच्या पाहण्यात आहे. थोडा वेळ बसून, थोडा वेळ उभं राहून काम करता यावं म्हणून ते बनवलेलं असतं. वापरणाऱ्याला दिसते एक फळी, दोन पाय आणि दोन बटणं. पायांच्या आत मात्र बरंच काही फिरत, सरकत आणि घासत असतं. हे टेबल दहा वर्षं टिकेल का, याचं उत्तर ते बनवणाऱ्याला विक्रीच्या आधीच हवं असतं आणि त्यासाठी दहा वर्षं थांबता येत नाही. मग टेबलाला काही आठवड्यांतच दहा वर्षांचं आयुष्य जगायला लावतात. हे काम माणसाच्या बोटाला झेपणारं नाही, म्हणून ते पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) या, कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकाकडे सोपवलं जातं.

बटण दहा हजार वेळा दाबणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. दर वेळी टेबल खरंच हललं का, किती हललं आणि हलताना त्याला काय त्रास झाला, हे खात्रीने सांगता येणं अवघड आहे. चाचणीची सगळी किंमत या खात्रीत आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्याच अंगाने सांगतो.

पायाच्या आत

प्रत्येक पाय म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन किंवा तीन नळ्या. नळ्या एकमेकींवर थेट घासू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. आत उभा लांब स्क्रू असतो. मोटर फिरते, गिअरबॉक्स तिचा वेग कमी करून जोर वाढवतो, स्क्रू फिरतो आणि त्यावरचा नट आट्यांवरून वर सरकतो. नटाबरोबर नळी आणि नळीबरोबर फळी वर जाते. नट बहुधा प्लास्टिकचा किंवा पितळ-ब्राँझसारख्या मऊ धातूचा असतो. झीज व्हायचीच असेल तर ती स्क्रूची न होता नटाची व्हावी, असा त्यामागचा विचार.

मोटर बंद असताना टेबल खाली का घसरत नाही? स्क्रूच्या आट्यांचा चढ इतका मंद ठेवलेला असतो की वरच्या वजनाने स्क्रू उलटा फिरू शकत नाही. घर्षणच त्याला धरून ठेवतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दोन पाय एकाच वेगाने वर जावेत ही टेबलाच्या स्वतःच्या कंट्रोल बॉक्सची जबाबदारी. मोटरच्या दांड्यावर छोटं चुंबक असतं आणि त्याच्या शेजारी हॉल सेन्सर. चुंबक फिरलं की सेन्सर टिक-टिक असे स्पंद पाठवतो. कंट्रोल बॉक्स दोन्ही पायांचे स्पंद मोजतो आणि जो पाय पुढे गेला त्याला जरा आवरतो. अशा टेबलाला आपली खरी उंची ठाऊकच नसते. त्याच्याकडे फक्त मोजलेले स्पंद असतात. मोजणी चुकली की टेबलाला एकदा तळापर्यंत नेऊन शून्यापासून सुरुवात करावी लागते. टेबल कधीकधी ‘रीसेट’ मागतं ते यासाठी.

आता झिजणाऱ्या गोष्टी पाहा. नटाचे आटे, सरकपट्ट्या, गिअरचे दात, मोटरचे ब्रश. ग्रीस हळूहळू बाजूला ढकललं जातं. वाकत राहणाऱ्या वायरी आतून तुटतात, बोल्ट सैल होतात. वेल्डिंगचे जोड थकतात, आणि ‘थकतात’ हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं की जो भार एकदा दिल्याने धातूला काहीच होत नाही, तोच भार पुनःपुन्हा दिला तर धातू तुटू शकतो. म्हणून टेबलावर एकदा भरपूर वजन ठेवून ‘पेललं बघा’ म्हणण्याने टिकाऊपणाबद्दल फारसं काही कळत नाही. वजन ठेवून ते पुनःपुन्हा वर-खाली न्यावं लागतं.

घाई का करता येत नाही

थोडा हिशेब करू. समजा टेबल ६५० मिलिमीटरपासून १२५० मिलिमीटरपर्यंत जातं, म्हणजे ६०० मिलिमीटरचा प्रवास. वेग सेकंदाला ३० मिलिमीटर धरला तर वर जायला २० सेकंद, खाली यायला २० सेकंद. एक फेरी ४० सेकंदांची. माणूस दिवसाला ४ फेऱ्या करतो आणि वर्षाचे कामाचे दिवस २५० आहेत, असं मानलं तर वर्षाला १,००० आणि दहा वर्षांत १०,००० फेऱ्या होतात. चाळीस सेकंदांच्या १०,००० फेऱ्या म्हणजे ४ लाख सेकंद, जेमतेम पावणेपाच दिवस. काम सोपं वाटतं.

पण या टेबलांच्या मोटरी सतत चालण्यासाठी नसतातच. त्यांच्यावर बहुतेकदा ‘२ मिनिटं चालू, १८ मिनिटं बंद’ अशी मर्यादा दिलेली असते, कारण छोट्या मोटरला बंद नळीत थंड व्हायला वेळ लागतो. दोन मिनिटांत ३ फेऱ्या होतात आणि मग १८ मिनिटांची विश्रांती. म्हणजे २० मिनिटांत ३ फेऱ्या. या चालीने १०,००० फेऱ्यांना साधारण १,१११ तास लागतात, म्हणजे रात्रंदिवस चाचणी चालू ठेवली तर ४६ दिवस. हेच काम आठ तासांच्या पाळीत माणसाने बटण दाबून करायचं ठरवलं तर १३९ पाळ्या लागतील, आणि दुसऱ्याच दिवशी तो मोजायला चुकेल.

इथे विश्रांती कापण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. विश्रांती न देता टेबल पळवलं तर मोटर तापते, ग्रीस पातळ होऊन वाहतं, प्लास्टिकचा नट मऊ पडतो आणि टेबल अशा कारणाने मरतं ज्याने ते खऱ्या वापरात कधीच मेलं नसतं. चाचणीत आलेला मृत्यू आणि वापरात येणारा मृत्यू एकाच कारणाचा असला पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. याची उलटी बाजू सहज नजरेतून सुटते. सतत गरम राहिलेलं ग्रीस मऊच राहतं. त्यामुळे थंड, घट्ट ग्रीस घेऊन सकाळी पहिल्यांदा निघताना मोटरवर पडणारा ताण अशा चाचणीत येतच नाही. एकीकडे टेबलावर अन्याय होतो आणि दुसरीकडे त्याला सूट मिळते.

पंखा लावून विश्रांती थोडी कमी करता येते, पण मोटरच्या अंगावर तापमापक बसवून, तापमान ठरलेल्या मर्यादेत राहतंय हे पाहतच.

पहारेकरी आणि त्याची फेरी

पीएलसीचा जन्म मोटारींच्या कारखान्यातल्या गरजेतून झाला. १९६० च्या दशकात यंत्रांचं नियंत्रण भिंतभर लावलेल्या रिलेंनी, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणाऱ्या स्विचांनी, होत असे. गाडीचं मॉडेल बदललं की पॅनेलची वायरिंग नव्याने करावी लागे. जनरल मोटर्सला यातून सुटका हवी होती. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून ज्या यंत्रावर काम केलं ते ‘मोडिकॉन ०८४’. हा आकडा आला तो त्यांच्या संस्थेचा ८४ वा प्रकल्प म्हणून. कारखान्यातल्या वायरमनला रिलेचे नकाशे वाचता येत होते, म्हणून नव्या यंत्राची भाषाही तशीच शिडीसारखी दिसणारी ठेवली. तीच ‘लॅडर’ भाषा आजही वापरात आहे.

पीएलसी काम कसं करतो हे समजायला रात्रीचा पहारेकरी डोळ्यांसमोर आणा. तो एक फेरी मारतो आणि सगळी दारं, सगळे दिवे पाहतो. मग नियमांची वही वरपासून खालपर्यंत वाचतो: ‘हे दार उघडं असेल आणि तो दिवा बंद असेल तर घंटा वाजवायची.’ त्याप्रमाणे करायचं ते करतो आणि लगेच पुढच्या फेरीला निघतो. पीएलसी हेच काही मिलिसेकंदांत करतो: सगळे इनपुट वाचतो, प्रोग्रॅम वरून खाली चालवतो, आउटपुट बदलतो, पुन्हा पहिल्यापासून. या फेरीला ‘स्कॅन’ म्हणतात. यातूनच त्याची एक मर्यादा येते. दोन फेऱ्यांच्या मध्ये कोणी दार उघडून लगेच लावलं तर पहारेकऱ्याला कळत नाही. हॉल सेन्सरसारखे वेगवान स्पंद साध्या इनपुटवर घेतले तर काही हरवतात. त्यासाठी पीएलसीवर वेगळा जलद मोजणीचा इनपुट असतो.

हेच काम एखाद्या स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्डावर होणार नाही का? दोन-चार दिवसांसाठी होईल. पण मोटरी सुरू-बंद होताना उठणारे विजेचे झटके सोसत दीड महिना न अडखळता चालायचं असेल आणि मध्येच दुसऱ्या कुणाला प्रोग्रॅम वाचून दुरुस्त करावा लागणार असेल, तर पीएलसीच बरा.

टेबलाचं बटण पीएलसी दोन प्रकारे दाबू शकतो. एक म्हणजे बटणाच्या दोन टोकांना रिलेचा संपर्क जोडायचा. रिले लागला की टेबलाला वाटतं बटण दाबलं. दुसरा प्रकार हवेच्या दाबावरच्या छोट्या सिलिंडरने खरंखुरं बटण दाबायचं. दुसऱ्यात बटणाचीही परीक्षा होते हे खरं, पण बटण आधी बिघडलं तर पायांची चाचणी अडून बसते. पायांची चाचणी रिलेने करावी आणि बटणाची वेगळी, असं मी सुचवेन. काही कंट्रोल बॉक्स बराच वेळ काम नसेल तर झोपतात आणि पहिल्या दाबाने फक्त जागे होतात. अठरा मिनिटांच्या विश्रांतीनंतर हे होणारच, तेव्हा प्रोग्रॅममध्ये त्याची सोय आधीच करून ठेवावी.

फेरी कधी मोजायची

प्रोग्रॅमची मांडणी अवस्थांमध्ये करतात. टेबल कोणत्याही क्षणी एकाच अवस्थेत असतं: तयार, वर जात आहे, वर थांबलं आहे, खाली येत आहे, विश्रांती घेत आहे, किंवा दोष. प्रत्येक अवस्थेतून बाहेर पडायची अट ठरलेली असते आणि वेळेची मर्यादाही. वर जायला २० सेकंद लागतात ना? मग २६ सेकंदांत वरच्या टोकाला बसवलेला सेन्सर लागला नाही तर आउटपुट बंद करून थेट दोष अवस्थेत जायचं. ‘वर’ आणि ‘खाली’ हे दोन आदेश एकाच वेळी कधीही जाऊ नयेत, म्हणून एक चालू असताना दुसरा अडवलेला असतो.

आता खरा प्रश्न. काउंटर एकाने कधी वाढवायचा?

घाईत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तो ‘वर’चा आदेश दिला की वाढतो. समजा शुक्रवारी रात्री टेबलाच्या एका पायाची वायर तुटली आणि टेबल तळाशी थांबलं. फक्त घड्याळाच्या हिशेबाने चालणारा पीएलसी आदेश देत राहिला. सोमवारी सकाळी काउंटरवर पाचशे फेऱ्या वाढलेल्या आणि टेबल आपल्या जागेवर शांत. हे निदान समोर तरी दिसतं. याहून वाईट म्हणजे टेबल अर्ध्यापर्यंतच जाऊन परत येत असेल आणि अहवालात मात्र पूर्ण फेऱ्यांचा आकडा छापला जाईल.

म्हणून फेरी मोजायची ती पुराव्यावर. वरच्या टोकाचा सेन्सर लागला, मग सुटला, मग खालच्या टोकाचा लागला, आणि हे सगळं याच क्रमाने झालं, तरच एक फेरी. सेन्सर लागताना थरथरतो आणि एका स्पर्शाचे दोन-तीन स्पर्श दिसतात. त्यामुळे संकेत थोडा वेळ टिकला तरच तो खरा धरायचा. हे सेन्सर चाचणीचे स्वतःचे असावेत. टेबलाच्या कंट्रोल बॉक्सने दाखवलेल्या उंचीवर विसंबणं म्हणजे परीक्षार्थ्यालाच पेपर तपासायला देणं. त्याची मोजणी घसरली असेल तर त्याला ते कळणारच नाही, आणि आपण नेमकं तेच शोधायला बसलो आहोत.

वीज जाते हेही गृहीत धरायचं. काउंटर आणि आधीची अवस्था वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवायची. वीज आल्यावर मात्र चाचणी आपोआप सुरू होऊ द्यायची नाही. तेवढ्यात कुणी टेबलाखाली वाकलेलं असू शकतं.

त्रास मोजायला हवा

फक्त फेऱ्या मोजल्या तर शेवटी एकच गोष्ट कळते: तुटलं की नाही. ते कसं तुटत गेलं हे कळायला आणखी काही मोजावं लागतं, आणि या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

दोन्ही पायांना एकेक तारेचा सेन्सर लावतात. तार फळीला बांधलेली, फळी वर गेली की तार ओढली जाते आणि उंची कळते. दोन पायांच्या उंचीतला फरक म्हणजे टेबलाचा तिरकेपणा. असे सेन्सर बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या भाषेत बोलतात. शून्य उंचीला ४, पूर्ण उंचीला २०. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून करण्यात मोठं शहाणपण आहे: वाचन शून्यावर गेलं तर टेबल खाली नाही, वायर तुटली आहे, हे लगेच कळतं.

दुसरी मोजायची गोष्ट मोटरचा प्रवाह. निघताना क्षणभर तो उसळी मारतो. तेवढा भाग वगळायचा, नाहीतर पीएलसी दर वेळी ‘अडकलं, अडकलं’ म्हणून ओरडेल. उरलेल्या प्रवासातला सरासरी प्रवाह दर फेरीला नोंदवत गेलं की टेबलाची नाडी सापडते. वर जातानाचा प्रवाह आठवड्यागणिक हळूहळू चढत असेल तर ग्रीस सरतंय किंवा पट्ट्या घासत आहेत. एकाच उंचीवर दर वेळी उंचवटा येत असेल तर तिथे स्क्रूला किंवा नळीला काहीतरी झालं आहे. खाली येतानाचा प्रवाह कमी कमी होत गेला तर खूश होऊ नका. घर्षणामुळे खाली येतानाही मोटरला स्क्रू ढकलावा लागतो. तो फारच सहज फिरू लागला असेल तर टेबलाला धरून ठेवणारं घर्षण कमी होत असू शकतं. मग विश्रांतीच्या १८ मिनिटांत उंची एक-दोन मिलिमीटरने उतरते का ते पाहायचं. विश्रांतीचा हा वेळ असा फुकट मिळालेला आहे, तो वापरावा.

नोंदीचं प्रमाणही ठरवावं लागतं. दर १० मिलिसेकंदांनी सगळं साठवलं तर ४६ दिवसांत एकेका सेन्सरची ४० कोटी वाचनं जमतात आणि ती कुणी पाहत नाही. दर फेरीला एक ओळ पुरते: क्रमांक, वेळ, सर्वाधिक आणि सरासरी प्रवाह, प्रवासाचा वेळ, तिरकेपणा, तापमान. त्याशिवाय शेवटच्या काही सेकंदांची दाट नोंद स्मृतीत फिरती ठेवायची, म्हणजे जुनी पुसत नवी लिहिली जाईल. दोष आला की ती तिथेच गोठवायची. बिघाडाच्या आधी नेमकं काय झालं ते त्यात सापडतं.

नापास कशाला म्हणायचं हे चाचणी सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवायला हवं. गरम होऊन कंट्रोल बॉक्सने स्वतःहून थांबणं हा बिघाड नाही, ते त्याचं कर्तव्य आहे. एकदा रीसेट मागणं? शंभर फेऱ्यांत तीनदा मागणं? हे नंतर ठरवायला बसलं की ज्याचं टेबल, त्याला सोयीचा अर्थ निघतो.

सुरक्षेबाबत दोनच गोष्टी सांगतो, पण दोन्हींत तडजोड नको. फळीवर ठेवलेली वजनं बांधलेली असावीत, कारण टेबल तिरकं झालं की ती माणसाच्या पायावर येतात. आणि लाल आपत्कालीन बटण पीएलसीच्या प्रोग्रॅमवर अवलंबून नसावं. त्याने वीज थेट तोडली पाहिजे, तीही एरवी जोडलेल्या असलेल्या संपर्काने, म्हणजे त्या बटणाची वायर तुटली तरी यंत्र थांबेल.

यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी उरतातच. दर १,००० फेऱ्यांनी चाचणी थांबवून माणसाने हात लावायला हवा: बोल्ट सैल झालेत का, फळी बाजूला ढकलली तर किती हलते, वेल्डिंगशी केसाएवढी भेग दिसते का, आवाज बदललाय का. या थांब्यासाठीही पीएलसीत अवस्था ठेवावी. तपासणीची खूण केल्याशिवाय तो पुढे जाणार नाही.

एक टेबल पास झालं, मग?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. टेबलांचं तसं नसतं. एकाचा नट जरा घट्ट, दुसऱ्याच्या नळीत कणभर वाक, तिसऱ्याला ग्रीस कमी. संख्याशास्त्राचा हिशेब इथे डोळे उघडणारा आहे. ३ टेबलं घेतली आणि तिन्ही १०,००० फेऱ्यांत पास झाली, तर ९० टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अशा टेबलांपैकी किमान ४६ टक्के तेवढं टिकतील. किमान ९० टक्के टिकतील असं त्याच खात्रीने म्हणायचं असेल तर २२ टेबलं लावावी लागतात, आणि त्यातलं एकही नापास होऊन चालत नाही.

इतकी टेबलं लावणं जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे: १०,००० वर थांबायचंच नाही. टेबल मोडेपर्यंत चालवायचं. कोणतं टेबल कितव्या फेरीला मोडलं या आकड्यांतून आयुष्याचा अंदाज बांधण्याची रीत स्वीडिश अभियंता वालोद्दी वायबुल यांनी १९५१ साली मांडलेल्या संख्याशास्त्रीय वितरणावर उभी आहे. पाच टेबलं अनुक्रमे १३, १५, १६, १८ आणि २१ हजार फेऱ्यांना मोडली, असं समजा. त्यातून जे कळतं ते पाच टेबलं दहा हजारांवर थांबवून ‘पास’ लिहिल्याने कळणार नाही.

शिवाय मोडलेलं टेबल उघडता येतं. पाय सोडवून नळी बाहेर काढली की स्क्रूवर काळपट ग्रीसमध्ये मिसळलेली नटाची भुकटी दिसते. नट कापून आटे पाहिले की एका बाजूचे धारदार झालेले असतात. मग प्रवाहाचा आलेख शेजारी ठेवायचा आणि शोधायचं: ही झीज कितव्या फेरीपासून दिसायला लागली होती?